बाजाराच्या कमानीवर कोण कोरायचं?

प्रति,
मा. सभापती, उपसभापती आणि सर्व संचालक,
नाशिक जिल्ह्यातल्या कृषी उत्पन्न बाजार समित्या

स.न.वि.वि.

मी निवृत्त चित्रकला शिक्षक, राहणार पंचवटी. वडील मापारी होते, म्हणजे मालाचं वजन करणारे, आपल्याच जिल्ह्यातल्या एका बाजारात. कोणत्या, ते लिहीत नाही. तक्रार जुनी आहे, तेव्हाचे संचालक आज नाहीत, आणि नाव घेतलं की पत्र बाजूला राहतं आणि वांधा सुरू होतो. म्हणून हे पत्र सगळ्यांनाच.

निमित्त कमानीचं. गेल्या काही वर्षांत मी जिल्ह्यात जिथे जिथे फिरलो, तिथे बाजार समितीची कमान एक तर नवी झालेली होती, नाही तर व्हायच्या बेतात होती. साचा एकच. दोन आरसीसी खांब, वर आडवी तुळई, तिला चकचकीत पत्र्याचं आवरण, त्यावर स्टीलची अक्षरं. आत शिरताना डाव्या हाताला काळ्या ग्रॅनाइटची पाटी. तिच्यावर उद्घाटक, प्रमुख पाहुणे, प्रमुख उपस्थिती आणि मग आपण सगळे, पदांसह. एका पाटीवरची नावं मी उभ्या उभ्या मोजली, एकोणचाळीस भरली. एका ठिकाणी कमानीच्या दोन्ही खांबांवर फायबरचे कांदे बसवलेत, घमेल्याएवढे. पहिल्या उन्हाळ्यात ते गुलाबी झाले, दुसऱ्यात पांढरे. आता लांबून लसूण वाटतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की पुढची कमान बांधाल तेव्हा तिच्यावर दगडात माणसं कोरा. ज्यांच्या अंगावर हा बाजार चालतो ती माणसं. पाटी हवी तर लावा, पण ती खाली.

हे खूळ माझ्या डोक्यात कधी शिरलं ते सांगतो. १९७६ साली मी चौदा वर्षांचा होतो. मामांची द्राक्षं लाकडी पेट्यांतून ट्रकने मुंबईला जायची आणि त्या वर्षी मला पेट्यांबरोबर जायला मिळालं. रात्री कसारा घाट उतरलो आणि पहाटे क्रॉफर्ड मार्केटला पोचलो. हमालांची आरडाओरड, गवताचा आणि पिकलेल्या फळांचा वास, पायाखाली चिखल. मामा अडत्याशी बोलत होते आणि मी मान वर करून उभा. प्रवेशाच्या कमानींच्या वर, अर्धगोलात, दगडात माणसं होती. साहेब नव्हते, राजेराणी नव्हते. शेतात राबणारी आपल्याकडची माणसं, गव्हाचं पीक. मामा आले, त्यांनी माझ्या नजरेमागे नजर नेली आणि म्हणाले, "ते काय, वर आपणच हाय." आणि लगेच पेट्या मोजायला गेले.

ती शिल्पं कोणी केली हे मला पुढे कलाशिक्षकाचा अभ्यासक्रम करताना कळलं. जॉन लॉकवूड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत वास्तुशिल्प शिकवायला आले. त्यांचा मुलगा रुडयार्ड पुढे लेखक म्हणून गाजला, म्हणून बाप मागे पडला एवढंच. मार्केटची इमारत १८६९ ची, आराखडा विल्यम इमर्सनचा. भिंतींना कुर्ल्याचा पिवळसर दगड, त्यात वसईचा तांबडा. नाव पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचं, आणि आता महात्मा जोतिबा फुल्यांचं. म्हणजे बघा, इमारत गोऱ्या अधिकाऱ्याच्या नावाने बांधली, पण दारावर साहेब बसवला नाही, शेतकरी बसवला. त्यामागे प्रेम होतं असं मी म्हणणार नाही. राज्यकर्त्याला शेतकरी चित्रात आवडतोच. सारा भरणारा माणूस दगडात गप्प उभा असेल तर आणखी आवडतो. तरीही घाऊक व्यापार वाशीला जाईपर्यंत, म्हणजे १९९६ पर्यंत, पाटी वाचता न येणारे हजारो शेतकरी आणि हमाल त्या दारातून आत गेले, आणि ही जागा कशाची हे त्यांना कुणी वाचून दाखवावं लागलं नाही.

दगडात कोरलं म्हणजे न्याय झाला, असं मात्र नाही. त्याची उलटी बाजूही मी पाहिली आहे.

धाकटी मुलगी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये ब्रिस्टल गावी आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे गेलो होतो. तिथे कॉर्न स्ट्रीटवर जुनं एक्सचेंज आहे, व्यापाऱ्यांनी जमून सौदे करण्यासाठी बांधलेलं. जॉन वूड या वास्तुरचनाकाराने ते १७४३ मध्ये पुरं केलं, दगडावरचं कोरीव काम थॉमस पॅटी याचं. दारासमोर फुटपाथवर पितळी रंगाची चार बुटकी टेबलं उभी आहेत, आपल्या छातीच्या खाली येतील एवढ्या उंचीची. वर ताटासारखा गोल, त्याला काठ. त्यांना खिळे म्हणतात. व्यापारी त्या ताटावर रोकड मोजून सगळ्यांदेखत व्यवहार पुरा करायचे. मला आपला जनावरांचा बाजार आठवला. रुमालाखाली बोटं दाबून सौदा व्हायचा, आणि बैल कितीला गेला हे दलाल आणि देव दोघांनाच ठाऊक. ब्रिस्टलवाल्यांनी तेच काम उघड्यावर आणलं होतं. काठ असलेलं ताट का, तर नाणं घरंगळू नये. मला ते फार आवडलं. दारावरच्या घड्याळाला मिनिटकाटे दोन आहेत. एक लंडनच्या वेळेचा, दुसरा ब्रिस्टलच्या, दहा मिनिटं मागे. रेल्वे आली तरी गावाने आपली वेळ लगेच सोडली नव्हती.

मग वर पाहिलं. खांबांच्या माथ्यांच्या ओळीत दगडी पट्टा आहे. त्यात माणसांचे चेहरे, जनावरांची तोंडं, फळाफुलांच्या माळा. हा जगाच्या चार खंडांचा आणि तिथून येणाऱ्या मालाचा देखावा. काम देखणं आहे, कलाशिक्षक म्हणून पैकीच्या पैकी द्यावेत असं. मुलगी शेजारी उभी होती. तिने विचारलं, "बाबा, यातला आफ्रिकेचा चेहरा कोण? गिऱ्हाईक की माल?"

मला उत्तर देता आलं नाही. ब्रिस्टलच्या जहाजांनी सुमारे पाच लाख आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून समुद्रापार नेली. इंग्लंडने तो व्यापार १८०७ मध्ये कायद्याने बंद केला, म्हणजे ती इमारत उभी राहिल्यावरही साठेक वर्षं तो चालूच होता. त्या पैशावर गाव सजलं आणि त्या माणसांचा चेहरा केळी-अननसाच्या पंगतीत शोभेला लागला. आज तिथे सेंट निकोलस मार्केट भरतं, चहा मिळतो, जुनी पुस्तकं मिळतात. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. बाजाराच्या दारावर माणूस कोरताना त्याच्या हातात काय द्यायचं, त्याने कुठे बघायचं, त्याच्या शेजारी कोण उभं राहायचं, यावर तो माणूस आहे की माल, हे ठरतं.

हे शिकायला खरं तर ब्रिस्टल गाठायची गरज नव्हती. मुंबईच्या रस्त्याला आपली पांडवलेणी आहेत. आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिली असतील आणि पायऱ्या सोडून सगळं विसरला असाल. तिसऱ्या क्रमांकाचं लेणं गौतमी बलश्रीचं, तिच्या नातवाच्या, म्हणजे पुळुमावीच्या, एकोणिसाव्या राज्यवर्षातलं. त्याच्या ओसरीच्या दर्शनी बाजूला खाली बघा. सहा गण, म्हणजे भार वाहणाऱ्या दगडी आकृती, जमिनीतून छातीपर्यंत वर आलेत आणि त्यांनी अख्खं लेणं आडव्या तुळयांवर पेललंय. लोक वरचा शिलालेख बघतात, खांब बघतात, खालच्यांच्या शेजारी चपला काढतात. मी दर वर्षी मुलांना तिथे रेखाटनाला न्यायचो. एका वर्षी एका पोराने एका गणाच्या पाठीवर कांद्याची गोणी काढली. मी रागावलो नाही. त्याचा बाप हमाल होता आणि रेषा बरोबर होती, भार कुठे पडतो ते त्याला ठाऊक होतं.

तिथून दोन-चार मिनिटांवर दहाव्या क्रमांकाचं लेणं आहे. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने ते दिलं आणि त्याचा व्यवहार भिंतीवर कोरून ठेवला. तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले. गोवर्धन म्हणजे गंगापूर रस्त्यावरचं, आजही आहे. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात पावसाळ्याला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कपड्याला. आता हिशेब करा. दोन हजारांचं महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस बारे दोनशे चाळीस. एका पैचा फरक नाही. हा सगळा व्यवहार नगराच्या सभेत वाचून दाखवला आणि रिवाजाप्रमाणे नोंदवला, असंही पुढे लिहिलंय. आपल्या हिशेबपट्टीत हमाली, तोलाई, वाराई यांचे आकडे पुसट कार्बनवर कसे उमटतात ते आपण जाणता, म्हणून मुद्दाम सांगतो. आणि ज्यांच्याकडे पैसा ठेवला ते विणकर होते, हातमागावर बसणारी माणसं. त्यांची पत त्या डोंगराच्या भिंतीवर नोंदलेली आहे.

आता अण्णांची गोष्ट. अण्णा म्हणजे माझे वडील.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या बाजाराच्या ओट्यांना दगडी फरसबंदी चालली होती. खडी फोडणाऱ्या टोळीत एक म्हातारे पाथरवट होते. त्यांनी उरलेल्या दोन दगडांवर, कुणी न सांगता, दुपारच्या सुट्टीत काम केलं. एकावर नांगर, दुसऱ्यावर तराजू धरलेला हात. हातासाठी त्यांना नमुना हवा होता. मापारी म्हणून अण्णांना समोर बसवलं. अण्णांच्या उजव्या तर्जनीचं पहिलं पेर नव्हतं, पन्नास किलोचं लोखंडी वजन त्यावर पडलं होतं. पाथरवटांनी बोट आहे तसं आखूड कोरलं. अण्णा म्हणाले, "बाबा, पुरं करा की बोट, लोक हसतील." म्हातारा म्हणाला, "मग तो तुमचा हात राहील का?" मी तिथेच होतो, चहाची किटली घेऊन. त्या काळ्या दगडावर ओल्या फडक्याने पुसल्यावर टाकीच्या खुणा दिसायच्या, बाजरीच्या दाण्याएवढ्या, एका दिशेने गेलेल्या. फक्त त्या तुटक्या बोटाच्या टोकाला त्यांनी दगड घासून गुळगुळीत केला होता, बरं झालेल्या जखमेसारखा.

ते दोन्ही दगड फाटकाच्या दोन बाजूंना बसले. अण्णा रोज आत जाताना त्यावरून हात फिरवायचे, आणि मग त्यांचा दिवस सुरू व्हायचा. पहिल्या मापाला एक म्हणत नसत. "लाभ," मग दोन, मग तीन. उंच, खणखणीत आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तोच त्यांचा खिळा.

पुढे मोठ्या गाड्या आत याव्यात म्हणून फाटक रुंद केलं. गरज होती, नाही म्हणत नाही. जेसीबी आला. मी त्या आठवड्यात परीक्षेच्या कामात होतो. रविवारी गेलो तर नवे खांब भरून झालेले. दगड कुठे विचारलं तर कार्यालयातल्या माणसाने खिडकीतून बोट दाखवलं. गटारीच्या भरावात गेले होते. त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की ते दगड वेगळे आहेत. नांगर मिळाला नाही. तराजूचा अर्धा तुकडा मिळाला. एक पारडं, साखळीच्या चार कड्या आणि तीन बोटं. त्यातलं एक आखूड.

अण्णा तेव्हा थकले होते. तुकडा बघून एवढंच म्हणाले, "पारडं रिकामंच कोरलं होतं म्हाताऱ्याने. बरं केलं." मला अजून नीट कळलेलं नाही ते काय म्हणत होते.

आता कामाचं बोलतो, कारण आपल्याकडे विषयपत्रिका मोठी असते.

पैसा कुठून, हा पहिला प्रश्न येईल. रास्त आहे. पुण्याच्या मंडईवर एवढा खर्च नको, ते पैसे शिक्षणाला द्या, असं खुद्द महात्मा फुले नगरपालिकेत सांगत होते, आणि शेवटी तिला नाव त्यांचंच लागलं. मी शेड थांबवा, शीतगृह थांबवा म्हणत नाही. शेतकऱ्याला उन्हात उभं ठेवून वर शेतकऱ्याचं शिल्प लावलंत, तर पहिली शिवी मीच देईन. मी बोलतोय ते त्या कमानीच्या पत्र्याच्या, ग्रॅनाइटच्या आणि फायबरच्या पैशाबद्दल. तो आपण खर्च करतोच.

दगड आपला आहे. काळाराम मंदिराचा काळा पाषाण रामशेजचा असं आपण अभिमानाने सांगतो, आणि दोनशे वर्षांहून अधिक गोदाकाठचा पाऊस तो अंगावर घेतोय. फायबरच्या कांद्याने दोन उन्हाळे काढले. टाकी धरणारे हातही अजून आहेत. पाटे-वरवंटे, जाती, तुळशीवृंदावनं करणारी घरं या जिल्ह्यात आहेत. मिक्सर आल्यापासून त्यांना काम कमी आहे. त्यांना यंत्रावर कापलेली चकचकीत मूर्ती करायला सांगू नका. टाकीची खूण दिसू द्या.

कोरायचं काय, हे मी सांगणं बरं नाही, पण कलाशिक्षकाला राहवत नाही. लिलाव कोरा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीभोवती व्यापाऱ्यांचा घोळका, एकाच्या हातात उचललेला कांदा, आणि ट्रॉलीवर बसलेला शेतकरी, ज्याच्या सहा महिन्यांचा भाव अर्ध्या मिनिटात ठरतो. त्याचा चेहरा समोर ठेवा, पाठ नको. हमाल कोरा, पण गणासारखा जमिनीत गाडलेला नको. गोणी उतरवून कंबरेवर हात ठेवून श्वास घेणारा कोरा, पाय दिसू देत. १९६९ चा माथाडी कायदा त्याच्या त्या श्वासासाठीच झाला. आपल्या अठरा संचालकांत हमाल-मापाऱ्यांचा एक असतो. कमानीवर तरी प्रमाण थोडं सुधारू.

आणि खळ्यावरच्या बाया. त्यांना विसरू नका, कारण त्यांना सगळेच विसरतात. व्यापाऱ्याच्या खळ्यावर सकाळी आठपासून उकिडव्या बसून त्या कांदा निवडतात. गोल्टी म्हणजे बारीक कांदा इकडे, मध्यम तिकडे, खाद म्हणजे खराब मागे. मी एकदा एका मावशींचे हात रेखाटायला बसलो होतो. कांदा हातात आला की बघण्याआधी अंगठ्याने देठाची जागा दाबतात. दबली की मागे. डोळे शेजारणीशी बोलत असतात आणि अंगठा काम करतो. एका तासात माझी पाच रेखाटनं फसली, हात थांबेचना. शेवटी मावशी म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही काढा, मी थांबते," आणि कांदा धरून मिनिटभर स्थिर बसल्या. मुकादम ओरडला तेव्हा उठल्या. ते रेखाटन माझ्याकडे आहे. दगडात उतरेल असं आहे. हवं असेल तर फुकट देतो.

एक अट मात्र घालतो. ज्यांचे चेहरे घ्याल त्यांना आधी विचारा, समोर बसवा, बसल्या वेळेची मजुरी द्या. आणि बोट तुटकं असेल तर तुटकंच कोरा.

अण्णांचा तो तुकडा माझ्या अंगणात तुळशीजवळ आहे. ज्या समितीला नव्या कमानीत तो बसवायचा असेल तिने टेम्पो पाठवावा, सोबत दोन माणसं लागतील. किती किलो भरतो ते मी मोजलेलं नाही. आपल्या काट्यावर मोजून घ्या आणि मोजताना पहिल्याला एक म्हणू नका.

आपला नम्र,
एका मापाऱ्याचा मुलगा,
पंचवटी, नाशिक